मुलाम्याची जाडी

शुक्रवारी दहाच्या आत अहवाल पाहिजे,
पुण्याहून कळवलंय.
आशियातल्या देशांचा तंत्रज्ञान-उद्योग,
सध्याचा कल आणि पुढची पाच वर्षं.
मी विट्यात, माडीवरच्या खोलीत,
शेजारच्या यंत्रमागांच्या खडखडाटात
वर जाणारे बाण काढत बसलेय.
खाली जाणारे बाण त्यांना आवडत नाहीत.

परसात जोतीराममामा
गोणपाटावर बोर्ड पसरून बसलाय.
हिरवे, जुन्या फोनांचे, संगणकांचे,
एक म्हणे कराडच्या दवाखान्यातल्या
कसल्याशा बंद पडलेल्या मशिनीचा.

पस्तीस वर्षं गलाई केली त्यानं.
सेलम, कोइमतूर, मधेच एक साल गुवाहाटी.
परक्या बायकांच्या पिचलेल्या पाटल्या आटवून
त्यांच्याच हातावर चोख सोनं ठेवलं.
मग टंच काढायला मशीन आलं,
आटणी मोठ्या दुकानांत गेली,
आणि मामा मूस, चिमटा, ताजवा घेऊन
टेंभूचं पाणी आलेल्या गावी परतला.

मी चहा घेऊन उतरते.
"मामा, पुढं काय हुईल?"
"कशाचं?"
"आशियाचं."
तो हसत नाही.
चिमट्यानं एक बोर्ड उचलून उन्हात तिरका धरतो.

"ह्यो जपानचा. चौऱ्याऐंशी सालचा.
कड बघ, पिवळी धमक.
सोनं लावताना हात आखडला न्हाई गड्यांनी.
त्यास्नी वाटलं आसंल, वस्तू नातवापतुर जाईल.
ह्यो कोरियाचा. कमी हाय, पर इमानी.
तैवानचा बघ, काय बारीक काम!
चीनचं दोन. एक जुना, एक परवाचा.
बाप-लेक हायत म्हणून सांगावं लागतं.
व्हिएतनाम, हे नाव गेल्या सालापास्नं वाचतोय.
आन ह्यो..."

मागं मुंगीएवढी अक्षरं. भारतात जोडलेला.
"जोडल्याला," मामा म्हणतो.
चहाचा घोट घेतो.
"घडवल्याला न्हवं."
"सोनं किती निघंल?"
"फुकलंस तर उडंल."

मला कारण ठाऊक आहे.
कमी सोन्यातून तेवढीच वीज धावते,
दर पिढीला मुलामा पातळ होतो.
माझ्या तक्त्यात याला कार्यक्षमता म्हणतात,
रंग हिरवा.
मामाच्या ताजव्यात
ती दिवसभर वाकून बसल्याची अर्धी गुंज.

तेजाबाच्या बरणीवर परात पालथी.
वारा फिरला की मामी पदर नाकाला लावून
लिंबाखाली जाते.
नगरपरिषदेचा कागद आलाय,
तो खिळ्याला, वीजबिलाच्या मागं.
सिदनाथचा फोटोही तिथंच:
पांढरी टोपी, निळे हातमोजे, फक्त डोळे आपले.
चेन्नईच्या बाजूला फोन जोडतो तो.
पाळीला तेराशे हातांखालून सरकतात,
एकही उघडून बघायची मुभा नाही.

"तो आज जोडतोय," मामा विचारतो,
"ते माझ्याकडं कवा येतील?"
"चार वर्षं. लई तर पाच."
"मग तुझं झालं की लिहून."

मी उभी राहते, रिकामा कप घेऊन.
मामानं जपानचा बोर्ड बाजूला ठेवलाय,
फडक्यात गुंडाळून. तो आटवत नाही.
का, ते विचारलं नाही,
त्यानंही सांगितलं नाही.

वर येऊन तक्त्यात एक रकाना वाढवला.
मुलाम्याची जाडी.
देशांची नावं भरली.
जपानपुढं "नातवापतुर" लिहिलं,
पुण्याला चालणार नाही म्हणून खोडलं,
पुन्हा लिहिलं.
शेवटच्या ओळीशी अडले.
तेवढ्यात वीज गेली, माग थांबले,
आणि जिन्यावरून तो आंबट वास
हळूहळू खोलीत आला.
खाली मामी खोकत होती.
मी खिडकी लावली नाही.